न दिसणाऱ्या बाजारांतील बोली

सांगलीच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत माझ्याकडे आलें. त्यांचे यजमान माध्यमिक शाळेंत गणिताचे शिक्षक होते व आतां सेवानिवृत्त आहेत. वडिलांचें फेव्हर-ल्यूबा बनावटीचें, चावी देऊन चालणारें मनगटी घड्याळ त्यांनीं पुष्कळ वर्षें वापरलें आणि घर बदलण्याच्या गडबडींत तें हरवलें. हुबेहूब तसेंच घड्याळ परदेशांतील एका लिलांवाच्या संकेतस्थळावर त्यांच्या दृष्टीस पडलें. चार रात्री त्यांनीं मोबाइल उशाशीं घेऊन काढल्या. बोली १४,००० रुपयांच्या वर गेली आणि अखेरच्या मिनिटांत तें घड्याळ भलत्यानेंच नेलें. त्यानंतर दोन दिवसांनीं ई-मेल आला, कीं जिंकणाऱ्या गृहस्थानें पैसे भरले नाहींत, तेव्हां आपल्या १४,००० रुपयांच्या बोलीस घड्याळ आपणांस देण्यास आम्ही तयार आहों. संकेतस्थळाची दलाली वांचावी म्हणून रक्कम मात्र आमच्या भारतांतील प्रतिनिधीच्या खात्यांत परस्पर भरावी. ती भरली. मग जकातीपोटीं ४,५०० रुपये मागण्यांत आले, तेही भरले. आतां पार्सल विमानतळावर अडलें असून ९,००० रुपये दंड भरल्यावांचून तें सुटत नाहीं, असा निरोप आला आहे, आणि यजमान तेवढे पैसे पाठविण्याच्या विचारांत आहेत.

"मी कांहीं बोलूं गेलें तर त्यांना राग येतो, आणि मुलाला कळवूं नकोस अशी सक्त ताकीद आहे," असें लिहून त्या भगिनी विचारतात, "जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासणारा माणूस असा कसा फसला?"

या पत्रास उत्तर देण्यासाठीं अंक निघण्याची वाट पाहणें शक्यच नव्हतें. पत्र हातीं पडलें त्याच दिवशीं मीं त्यांना दूरध्वनि केला आणि ती तिसरी रक्कम कोणत्याही परिस्थितींत जाऊं देऊं नका, एवढें आधीं सांगितलें. परंतु त्यांनीं विचारलेला प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं. हातांत मोबाइल असलेल्या प्रत्येक घराचा तो आहे. म्हणून त्यांच्या संमतीनें ही हकीगत येथें मांडली आहे.

लिलांव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. जुन्या लिलांवांत दोन गोष्टी गिऱ्हाइकाच्या बाजूच्या असत. एक तर वस्तु हातांत घेऊन, उलटीसुलटी करून, नखानें खरवडून पाहतां येई. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याविरुद्ध बोली करणारा डोळ्यांसमोर उभा असे. समोरचा जाणता सराफ एका रकमेस येऊन गप्प बसला म्हणजे आपणही विचारांत पडूं. मालकानेंच गर्दींत पेरलेले बनावट गिऱ्हाईक त्या काळींही असत, नाहीं असें नाहीं. पण चार लिलांव पाहिलेला मनुष्य त्यांना ओळखूं लागे, कारण लिलांव संपल्यावर ते मालकाबरोबरच चहा घेतांना दिसत.

मोबाइलवरील लिलांवांत या दोन्ही गोष्टी नाहींशा होतात. राहतें तें एक छायाचित्र, एक चढता आंकडा आणि उलटें धांवणारें घड्याळ. शिक्षक गणितांत चुकले नाहींत. त्यांनीं गृहीत धरलेली गोष्ट चुकीची होती. एखाद्या वस्तूस दुसरा कोणी तेरा हजार देतो आहे म्हणजे ती तेवढ्या मोलाची आहे, असें आपलें मन न विचारतां मान्य करतें, आणि मग आपले चौदा हजार शहाणपणाचे वाटूं लागतात. चढलेली बोली हीच वस्तूच्या मोलाची साक्ष ठरते. पण तो साक्षीदार मुळांत आहे काय, हें कोणी पाहिलेलें असतें?

यासंबंधीं अमेरिकेंत २००० साली घडलेलें एक प्रकरण विस्तारानें सांगण्यासारखें आहे. केनेथ वॉल्टन नांवाच्या कॅलिफोर्नियांतील एका वकिलानें ईबे या लिलांवाच्या संकेतस्थळावर एक मोठें अमूर्त चित्र विकावयास मांडलें. आरंभाची बोली अवघी पाव डॉलर. सोबतचें वर्णन अगदीं घरगुती: चित्र पुष्कळ वर्षांपूर्वीं कोणाच्या तरी घरगुती विक्रींत घेतलें, पत्नीला तें घरांत नको म्हणून अडगळींत ठेवलें, मुलाच्या खेळण्यांतल्या गाडीचा धक्का लागून त्याला एक भोंकही पडलें आहे. चित्रकाराचें नांव कोठेंच दिलेलें नव्हतें. छायाचित्रांत मात्र कोपऱ्यांतील 'आर. डी. ५२' हीं अक्षरें कशीबशी वाचतां येत होतीं. रिचर्ड डीबेनकॉर्न हे अमेरिकेंतील विख्यात चित्रकार. त्यांच्या आद्याक्षरांशीं व १९५२ या सालाशीं तीं जुळत. झालें! या भाबड्या माणसाला आपल्या हातांत काय आहे याचा पत्ताच नाहीं आणि आपल्याला तो लागला आहे, असें जगभरच्या जाणकारांस वाटलें. बोली चढत चढत १,३५,८०५ डॉलरांवर गेली व एका डच गृहस्थानें ती जिंकली.

पुढें उघडकीस आलें तें असें: वॉल्टन यांना पत्नी नव्हती आणि मूलही नव्हतें. बोली चढविणाऱ्यांत ते स्वतः व त्यांचे मित्र निरनिराळीं नांवें घेऊन सामील होते. ईबेनें विक्री रद्द केली. वॉल्टन यांनीं २००१ साली न्यायालयांत गुन्हा कबूल केला. त्यांचा वकिलीचा व्यवसाय सुटला, आणि २००६ साली या सगळ्या प्रकरणावर त्यांनीं स्वतःच एक पुस्तक लिहिलें. या प्रकरणांतील ध्यानांत ठेवण्यासारखी बाब अशी, कीं त्या वर्णनांत 'हें चित्र डीबेनकॉर्नचें आहे' असें एकही वाक्य नव्हतें. तो निष्कर्ष गिऱ्हाइकांनीं स्वतः काढला, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर मनुष्य जितका विसंबतो तितका दुसऱ्याच्या सांगण्यावर कधीं विसंबत नाहीं. आपण विकणाऱ्यापेक्षां शहाणे आहों असें वाटूं लागलें, कीं तेथेंच थांबावें.

आतां बनावट बोली कशी चालते तें पाहूं. बहुतेक अशा ठिकाणीं आपण आपली कमाल किंमत यंत्राला गुप्तपणें सांगून ठेवतों. दुसऱ्याची बोली येईल तसतशी तें यंत्र आपल्या वतीनें लागेल तेवढीच चढ करतें. समजा, आपण ६,००० सांगितले आहेत आणि चालू किंमत २,५०० आहे. विकणाऱ्याचा साथीदार ३,००० ची बोली लावतो. यंत्र तत्काळ त्याच्यावर चढतें. तो ३,५०० लावतो, पुन्हां तेंच. अशा रीतीनें आपल्या खिशाचा तळ किती खोल आहे हें तो काठीनें चांचपून पाहतो व ५,८०० च्या सुमारास अंग काढून घेतो. २,५०० ला मिळणारी वस्तु आपण ६,००० ला घेतों व वर 'जिंकलों' म्हणून आनंद मानतों. कधीं साथीदाराचा अंदाज चुकतो आणि वस्तु त्याच्याच गळ्यांत पडते. मग 'जिंकणाऱ्यानें पैसे भरले नाहींत, आपणांस दुसरी संधि देतों' असा निरोप येतो.

'दुसरी संधि' ही सोय कांहीं संकेतस्थळांवर खरोखरच आहे व ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येत नाहीं. तथापि ती आली असतां किंमतीचा विचार नव्यानें करावा, कारण त्या जिंकणाऱ्याच्या बोल्या बाद धरल्यास आपली बोली इतकी चढलीच नसती. सांगलीच्या गृहस्थांस आलेला ई-मेल मात्र त्याहून वाईट जातीचा होता. तो संकेतस्थळाकडून आलाच नव्हता. खऱ्या विक्रेत्याचाही त्याच्याशीं संबंध नसावा. चुरशीचे लिलांव हेरून त्यांत हरलेल्यांना गांठणारे तिऱ्हाईत भामटे असतात, कारण नुकत्याच हरलेल्या माणसाइतका आतुर गिऱ्हाईक दुसरा कोणता मिळणार? अशा वेळीं ई-मेलमधील दुव्यावर बोट ठेवूंच नये. संकेतस्थळ स्वतः उघडावें, आपल्या खात्यांत प्रवेश करावा, आणि तोच देकार तेथील निरोपांत आहे किंवा नाहीं तें पाहावें. नसेल तर विषय संपला.

आणि पैसे परस्पर मागितले, मग कारण कितीही गोड असो, दलाली वांचविण्याचें असो कीं आजारपणाचें असो, तेथेंच उठावें. आपल्याकडे २००० साली मुंबईंत 'बाझी' नांवाचें लिलांवाचें संकेतस्थळ निघालें होतें; २००४ साली ईबेनें तें विकत घेतलें, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें ईबेचा तो भारतीय बाजार बंद झाला. त्या बाजारांत 'पैसापे' म्हणून एक सोय असे: गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाकडे राहत व मगच विकणाऱ्याच्या हातीं जात. जी दलाली आपण वांचवूं पाहतों ती बऱ्याच अंशीं अशा मध्यस्थीचीच किंमत असते. यूपीआयनें किंवा बँकेंतून कोणाच्या खासगी खात्यांत स्वतःच्या हातानें पाठविलेला पैसा म्हणजे धनुष्यांतून सुटलेला बाण समजावा. शिवाय माल इंग्लंडांत, विकणारा इंग्लंडांत आणि पैसे घेणारें खातें मात्र येथील एका खासगी व्यक्तीचें, या एकाच विसंगतीनें शंका यावयास हवी होती.

वस्तूच्या खरेखोटेपणाविषयीं लिहावें तेवढें थोडें आहे. मी दोन उदाहरणांवर भागवितों. पहिलें घड्याळांचेंच. जुन्या घड्याळांच्या परदेशी शौकिनांत 'मुंबई स्पेशल' अशी एक थट्टेची संज्ञा रूढ आहे. जुनीं स्विस किंवा एचएमटीचीं घड्याळें घेऊन त्यांच्या तबकड्या नव्यानें रंगवावयाच्या, एकाची यंत्रणा दुसऱ्याच्या डबींत बसवावयाची आणि तीं लिलांवांत 'अस्सल जुनें' म्हणून मांडावयाचीं, असा हा धंदा आहे. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी काल छापल्यासारखी झगझगीत असणें, अक्षरांच्या कडा किंचित् पसरलेल्या असणें, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर नसणें, कांटे तबकडीच्या मानानें आंखूड असणें, या त्यांच्या खुणा. बंद पडलेलें घड्याळ चालतें करणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाहीं. त्याच्या हातांत विद्या आहे. रंगविलेल्याला रंगविलेलें न म्हणणें यांत खोटेपणा आहे. बोलीपूर्वीं पाठीमागील झांकण उघडून आंतल्या यंत्रणेचें छायाचित्र मागावें. शेजारीं कागदावर आजची तारीख लिहून घड्याळाचें नवें छायाचित्र पाठवा, असेंही सांगावें. ज्याच्याजवळ वस्तु आहे त्याला हें दोन मिनिटांचें काम. जो सबबी सांगतो त्याच्याजवळ बहुधा दुसऱ्याच्या लिलांवांतून उचललेलें चित्रच तेवढें असतें.

दुसरें उदाहरण आपल्या देवघरांशीं संबंध असलेलें आहे. एका बाजूस राम, सीता व लक्ष्मण आणि दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' अशीं अक्षरें असलेलें तांब्याचें नाणें आपण कोठें तरी पाहिलें असेल. त्यास हजारों, प्रसंगीं लाखों रुपये सांगितले जातात. कंपनीनें असें नाणें कधींच पाडलें नाहीं. मुंबई इलाख्यांतील कंपनीच्या त्या सुमाराच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू व 'अदल' हीं अक्षरें असत, आणि सर्व मुलखासाठीं एकसारखीं नाणीं १८३५ साली सुरू झालीं. रामाचें म्हणून विकलें जाणारें हें नाणें नंतरच्या काळांतील देवस्थानी टाक होय. पूजेंत ठेवण्यास तो उत्तम आहे. मोल मात्र धातूएवढेंच. याच नाण्यांना तांदूळ ओढण्याची दैवी शक्ति चिकटवून लोकांस गंडविल्याचे गुन्हेही घडले आहेत. उलट दिशेनें, 'आपलें जुनें नाणें रिझर्व्ह बँक लाखांना घेईल, फक्त कर व दलाली आगाऊ भरा', असेही भामटे निघाले, तेव्हां ऑगस्ट २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेस जाहीर खुलासा करावा लागला, कीं असा व्यवहार बँक करीत नाहीं व तसा आकारही मागत नाहीं.

वर्णन अक्षरशः वाचावें. ईबेचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनीं १९९५ साली त्या ठिकाणीं विकलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडकें लेझर दर्शक होतें, तें १४.८३ डॉलरांस गेलें आणि घेणाऱ्यास तें मोडकें असल्याचें पूर्ण ठाऊक होतें. याच्या उलट २०१३ साली इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील एका तरुणानें खेळाचें नवें यंत्र समजून ४५० पौंड मोजले व त्याच्या घरीं त्या यंत्राचें छायाचित्र पोहोंचलें. विक्रीच्या मथळ्यांत 'फोटो' हा शब्द होता. घाईंत तो नजरेआड झाला.

विकणाऱ्याविषयींचे अभिप्राय पाहतांना आधीं वाईट अभिप्राय वाचावेत. शंभर चांगले अभिप्राय असतील, पण ते सगळे पेन्सिलींसारख्या किरकोळ मालाबद्दलचे असून एकाएकीं तो मनुष्य चाळीस हजारांचा कॅमेरा विकूं लागला असेल, तर ती साख विकत घेतलेली समजावी. दोन वर्षें निजलेलें खातें अचानक जागें झालें असेल तर तें चोरीस गेलेलें असण्याचा संभव असतो. बोलीची यादी उघडतां येत असेल तर तीही पाहावी; आपल्यावर चढणारा एकच कोणी याच विक्रेत्याच्या मालावर नेहमीं बोली लावून प्रत्येक वेळीं हरत असेल, तर तो विक्रेत्याच्या घरचाच आहे.

मी स्वतः एक नियम पाळतों. वस्तूस किती द्यावयाचे तें मागील झालेल्या विक्रीच्या किंमती पाहून दिवसाउजेडीं ठरवावें, कागदावर लिहावें व घरांतील दुसऱ्या माणसास तो कागद दाखवावा. ती रक्कम शेवटच्या घटकेस एकदांच घालावी आणि मोबाइल बंद करून जेवावयास बसावें. गेली तर गेली. या नियमापायीं एक पितळी समई माझ्या हातची गेली, व तिची हळहळ अजून वाटते हें कबूल करतों.

बँकांनीं जप्त केलेल्या घरांच्या लिलांवाविषयीं पुष्कळांनीं विचारलें आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. सरकारी बँकांच्या अशा लिलांवांसाठीं २०२५ साली 'बँकनेट' हें संकेतस्थळ सुरू झालें आहे. त्याच्या नांवाशीं जुळतीं खोटीं नांवें सहज करतां येतात, तेव्हां पत्ता स्वतः टाइप करावा. २००२ च्या कायद्याखालील जाहीर लिलांवाची सूचना दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एका देशी भाषेच्या पत्रांत, द्यावी लागते; ती कात्रणासह पाहावी व शाखेंत समक्ष जाऊन विचारावें. अनामत रक्कम कोणा 'अधिकाऱ्या'च्या खासगी खात्यांत कधींही भरावयाची नसते. बोली स्वीकारली गेली म्हणजे अनामत धरून पंचवीस टक्के लगेच व बाकीची रक्कम सामान्यतः पंधरा दिवसांत भरावी लागते. कर्ज मंजूर होण्याआधींच बोली लावून बसणाऱ्यांचे येथें हाल होतात.

आतां पुन्हां सांगलीकडे वळतों. जकात खातें कोणास दूरध्वनि करून खासगी खात्यांत पैसे मागत नाहीं. त्याच्या पत्रांवर एक ओळख-क्रमांक असतो व तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळतां येतो. हें ऐकल्यावर त्या भगिनींनीं तो 'दंडा'चा निरोप यजमानांपुढें ठेवून क्रमांक कोठें आहे, एवढेंच विचारलें. क्रमांक नव्हता. त्याच सायंकाळीं उभयतांनीं १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर ती लेखी भरली आणि दुसऱ्या दिवशीं बँकेंत अर्ज दिला. हें सर्व पहिली रक्कम गेली त्या घटकेस झालें असतें तर ती पुढच्या खात्यांत गोठविली जाण्याची आशा पुष्कळ होती. भामटे पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत अशा वेगानें फिरवितात, कीं येथें दिवस नव्हे, घटका मोजाव्या लागतात. आणि त्या घटका बहुतेक ठिकाणीं लाजेंत जातात. यजमानांनीं तब्बल अकरा दिवस लाजेंत घालविले. घरांत कोणी फसला असतां पहिला शब्द 'तुम्हांला कळलें कसें नाहीं?' हा असूं नये, तो 'किती वाजतां पाठविले?' हा असावा, असें मीं त्या भगिनींस सांगितलें; त्यांच्या पत्राचा सूर पाहतां तें सांगण्याची फारशी गरज नव्हती.

आणखी एक सावधगिरी त्यांना कळविली आहे. तक्रारीनंतर कोणी 'तुमचे पैसे परत मिळवून देतों, थोडी फी लागेल' असें म्हणत येईल. एकदां फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा दुसरा भामटा पहिल्याचाच भाऊबंद असतो.

हा मजकूर लिहीपर्यंत १८,५०० रुपयांतील एकही रुपया परत आलेला नाहीं. मुलाला सांगावें कीं नाहीं, हा त्यांच्या पत्रांतील शेवटचा प्रश्न होता. सांगावें, असें मीं कळविलें होतें. परवां त्यांचें दुसरें पत्र आलें. यजमानांनीं प्रत्येक निरोप, त्याची तारीख, वेळ, रक्कम व खात्याचा क्रमांक असा तक्ता एका आंखलेल्या वहींत स्वच्छ अक्षरांत उतरवून काढला आहे. पोलीस ठाण्यावरील अधिकाऱ्यानें त्याची प्रत मागून घेतली, आणि चिरंजीव रविवारीं बेंगळुरूहून आले तेव्हां ती वहीच त्यांनीं त्यांच्यापुढें ठेवली.